तांबडं फुटतं, दिवस तुटत नाही

गेल्या अंकात या सदरासाठी ‘पहाट’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर प्रश्न मागवले होते. किनारपट्टीवरून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

सहामाहीच्या पेपरात ‘डेब्रेक’चा अर्थ विचारला होता. निम्म्या वर्गाने ‘दिवस तुटणे’ लिहिलं, एकाने ‘सुट्टी’. ‘ब्रेक’ म्हणजे तुटणे हे मुलांना पक्कं ठाऊक आहे, मग इथे ते चूक कसं, हे कसं समजावावं? ‘क्रॅक ऑफ डॉन’चंही तसंच.
— एक शिक्षिका, दापोली

मुलांना मराठीतूनच समजवा, कारण हे कोडं मराठीत आधीच सुटलेलं आहे. आपण म्हणतो, तांबडं फुटलं. फुटलं म्हणजे मोडलं नाही, आतून बाहेर आलं. कोंब फुटतो, पान्हा फुटतो, वाचा फुटते, घाम फुटतो. इंग्रजी ‘ब्रेक’लाही हाच दुसरा अर्थ आहे. वादळ ‘ब्रेक’ होतं, बातमी ‘ब्रेक’ होते, तसा दिवसही. म्हणून फळ्यावर दोन रकाने आखा. एका बाजूला तुटणे, मोडणे, दुसऱ्या बाजूला फुटणे, आणि ‘डेब्रेक’ दुसऱ्या रकान्यात टाका. ‘सुट्टी’ लिहिणाऱ्याला अगदी शून्य देऊ नका. कामातली खंड या अर्थाचा ‘ब्रेक’ त्याला बरोबर आठवला, फक्त जागा चुकली.

‘डेब्रेक’ हा जोडशब्द सोळाव्या शतकापासून लिखाणात दिसतो. तो नाम आहे, क्रियापद नाही. क्रियापद हवं असेल तर शब्द सुटे करावे लागतात: ‘द डे ब्रेक्स’, भूतकाळात ‘डे ब्रोक’ किंवा ‘डॉन ब्रोक’. ‘ब्रोक डाउन’ लिहिलं की दिवस घाटात बंद पडलेल्या एसटीसारखा होतो.

‘क्रॅक ऑफ डॉन’मधला ‘क्रॅक’ म्हणजे भेग नव्हे. चाबूक ओढल्यावर किंवा वीज कडाडल्यावर होणारा फट् असा आवाज, आणि त्यावरून तेवढाच क्षण. आधी ‘क्रॅक ऑफ डे’ म्हणत, ‘डॉन’ त्यात मागाहून आला. मराठीत ‘तांबडं फुटताफुटता’ किंवा ‘अगदी झुंजुमुंजु असताना’ म्हटलं की काम झालं. आपल्या ‘फटफटलं’मध्येही तो फट् ऐकू येतो खरा, पण त्यावरून दोन्हींचं नातं जुळवण्याचा मोह आवरावा.

वर्गात हमखास होणाऱ्या आणखी दोन चुका. एक, ‘द सन डॉन्ड’. सूर्य ‘राइज’ होतो, ‘डॉन’ होतो तो दिवस. एखादी गोष्ट उशिरा लक्षात आली तरी ‘इट डॉन्ड ऑन मी’ म्हणतात, आपल्या ‘डोक्यात प्रकाश पडला’सारखं. दुसरी चूक शब्दयोगी अव्ययाची. ‘मॉर्निंग’ला ‘इन द’ लागतं, पण ‘डॉन’, ‘डेब्रेक’ आणि ‘सनराइज’ला नुसतं ‘अॅट’, मध्ये ‘द’ नाही. मात्र ‘क्रॅक’ आला की ‘द’ परत येतो: ‘अॅट द क्रॅक ऑफ डॉन’. कारण विचारलं तर एवढंच सांगा की सकाळ हा कालखंड आहे, त्याच्या ‘आत’ काहीतरी घडतं. डेब्रेक हा बिंदू आहे.

समुद्राला लागून घर आहे, दोन खोल्या पर्यटकांना देतो. फलकावर इंग्रजी नाव हवं, पण देवनागरीत. मुलगा म्हणतो ‘डॉन’, सून म्हणते ‘सनराइज व्ह्यू’, भाचा म्हणतो ‘ऑरोरा’. कोणतं ठेवावं?
— गुहागर

‘डॉन’ नको. इंग्रजीत पहाटेचा शब्द आणि गुंडांच्या म्होरक्याचा शब्द यांची अक्षरं वेगळी आहेत, उच्चारातही थोडा फरक आहे. देवनागरीत दोन्ही ‘डॉन’च. रस्त्यावरून जाणारा माणूस फलक वाचून पहाट आठवणार नाही.

हा शब्द मात्र मोठा गमतीचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘डॅग’ म्हणजे दिवस आणि ‘डॅगिअन’ म्हणजे दिवस होणे, उजाडणे. पुढे अशा जागी असलेल्या ‘ग’चा ‘व’सारखा उच्चार होऊ लागला. ‘लागु’चा ‘लॉ’ झाला, ‘मॉर्गेन’चा ‘मॉरो’ झाला, तसा ‘डॅगिअन’चा ‘डॉएन’ झाला. (तो ‘लागु’ आपल्या नियम लागू होण्यातला नव्हे, नुसता योगायोग.) उजाडण्याच्या क्रियेला मग ‘डॉइंग’ म्हणत. तेराव्या शतकाच्या अखेरीस त्यात एक ‘न’ शिरून ‘डॉनिंग’ झालं. हा ‘न’ उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांच्या भाषेतून आला असावा, कारण डॅनिशमध्ये आजही पहाटेला त्याच घडणीचा शब्द आहे. ‘डॉनिंग’ रूढ झाल्यावर लोकांना वाटलं, शेवटी ‘इंग’ आहे तर मूळ क्रियापद ‘डॉन’ असणार. ते पंधराव्या शतकात वापरात आलं. नुसतं नाम म्हणून ‘डॉन’ दिसतं ते थेट सोळाव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे शेपूट आधी आणि जनावर मागाहून.

‘सनराइज व्ह्यू’बद्दल सुनेला विचारा, सूर्य कोणत्या खिडकीतून दाखवणार? आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो तो सह्याद्रीआडून. पंचांगातली किंवा मोबाइलवरची सूर्योदयाची वेळ सपाट क्षितिज धरून काढलेली असते. सूर्याची वरची कड क्षितिजाला लागली की सूर्योदय. समोर डोंगर असला की प्रत्यक्ष सूर्य उशिरा दिसतो. पन्नास किलोमीटरवरच्या हजार मीटर उंच रांगेमुळे किनाऱ्यावर पाचेक मिनिटांचा उशीर होतो. घाटाच्या पायथ्याशी, दहा किलोमीटरवर आठशे मीटरचा कडा असेल, तर वीसेक मिनिटं. वर घरामागची माडाची वाडी आहेच. पर्यटक साडेसहाला कॅमेरा घेऊन पुळणीवर उभा राहील आणि तक्रार लिहून जाईल.

त्याला दाखवण्यासारखं दुसरं काही आहे. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्योदयाआधीची वीसेक मिनिटं समुद्राकडे, म्हणजे पश्चिमेला तोंड करून बसा. पाण्याच्या रेषेलगत करड्या-निळ्या रंगाचा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर गुलाबी. खालचा पट्टा ही पृथ्वीची हवेवर पडलेली सावली. ती हळूहळू पाण्यात उतरत जाते. वरच्या गुलाबी पट्ट्याला इंग्रजीत ‘बेल्ट ऑफ व्हीनस’, शुक्राचा कमरपट्टा म्हणतात. सूर्योदय पाहायला समुद्रावर येणारे सगळे समुद्राला पाठ करून उभे राहतात, त्यामुळे हे कुणाच्या नजरेस पडत नाही.

‘ऑरोरा’ चालेल, ती रोमन लोकांची पहाटेची देवता. पण हल्ली हे नाव ऐकलं की लोकांना ध्रुवप्रदेशातले हिरवे प्रकाशझोत आठवतात. ‘पहाट’ असं साधं नाव ठेवलंत तर फलक रंगवणाराही चुकणार नाही.

इंग्रजी ‘डे’ आणि आपला ‘दिवस’ एकाच मुळाचे ना? आणि ‘ऑरोरा’चं ‘उषा’शी नातं आहे असं वाचलं, ऐकायला तर काहीच सारखं नाही.
— महाविद्यालयीन विद्यार्थी, रत्नागिरी

उलट आहे. जे सारखे दिसतात ते परके आहेत आणि जे वेगळे दिसतात त्या सख्ख्या बहिणी.

संस्कृत आणि लॅटिनमधला मूळचा ‘द’ इंग्रजीकडे जाताना ‘ट’ होतो. दश आणि टेन, दन्त आणि टूथ, द्वि आणि टू. हा नियम इतका पक्का आहे की ‘दिव्’, ‘दिवस’, ‘देव’ यांचं इंग्रजी भावंड ‘ट’ने सुरू व्हायला हवं. आणि ते आहे, मंगळवारात. ‘ट्यूजडे’तला ‘ट्यू’ हा जुना जर्मानिक देव ‘टीव’, आणि त्याचं नाव आपल्या ‘देव’ शब्दाचं भावंड. लॅटिन ‘डिएस’ मात्र ‘दिवस’च्या घरचाच. त्यातून ‘डायरी’ आली आणि फ्रेंचमार्गे ‘जर्नी’ही. जर्नी म्हणजे मुळात एका दिवसाची मजल.

मग ‘डे’ कुणाचा? इंग्रजी ‘ड’ मागे नेला तर मूळचा ‘ध’ सापडतो. विधवा आणि ‘विडो’ हे जवळचं उदाहरण. म्हणून ‘डे’चं मूळ काही अभ्यासक जळणे या अर्थाच्या धातूत शोधतात. त्याच धातूचं संस्कृत रूप ‘दह्’. दाह आणि निदाघ, म्हणजे कडक उन्हाळा, त्याच्याच पोटचे. हा पर्याय मान्य केला तर इंग्रजांचा दिवस उजेडाचा नसून उन्हाचा ठरतो. त्यांच्या हवेकडे पाहता तो जरा महत्त्वाकांक्षीच वाटतो.

आता ‘ऑरोरा’. जुन्या लॅटिनमध्ये दोन स्वरांमधल्या ‘स’चा ‘र’ झाला. तो ‘र’ मागे फिरवा, म्हणजे ‘ऑसोसा’सारखं काहीतरी हाती येतं. ते ‘उषस्’च्या शेजारी ठेवून पाहा. ग्रीकांची ‘एओस’ हीही तिसरी बहीण. तिघीही पहाटेच्या देवता. ऋग्वेदात उषेला वाहिलेली वीसेक सूक्तं आहेत. याच मुळातून पूर्व दिशेचा ‘ईस्ट’ आला, म्हणजे उजाडतं ती दिशा. ‘ऑस्ट्रिया’ या नावातही ती पूर्व आहे. ‘ईस्टर’ही त्याच घरातला. आठव्या शतकातल्या बीड नावाच्या इंग्रज साधूने लिहून ठेवलं आहे की त्या महिन्याला ‘एओस्त्रे’ या देवीचं नाव होतं.

एक भर. हिंदीतला ‘कल’ आणि आपला ‘काल’ हे संस्कृत ‘कल्य’पासून आले, आणि ‘कल्य’ म्हणजे पहाट. इंग्रजी ‘टुमॉरो’तही सकाळच दडली आहे. ‘मॉरो’ म्हणजे सकाळ, ‘टुमॉरो’ म्हणजे सकाळच्या वेळी. आपली पहाट मागे सरकून काल झाली, त्यांची पुढे सरकून उद्या.

मच्छीमार बांधवांसाठी बोटीच्या दिव्यांचे नियम मराठीत करून फलकावर लावायचे आहेत. ‘फ्रॉम सनसेट टु सनराइज’चं आम्ही ‘संध्याकाळपासून पहाटेपर्यंत’ केलं. एका जाणत्या तांडेलाने हरकत घेतली. कोण बरोबर?
— मालवण

तांडेल बरोबर. फलक रंगवायच्या आधी विचारलंत हे उत्तम केलंत.

समुद्रावरची टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला विसावा नियम सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत दिवे लावायला सांगतो. दिवसाही धुकं किंवा पावसामुळे दिसेनासं झालं तर ते लावायचेच. नियमात ‘डॉन’ किंवा ‘डेब्रेक’ जाणूनबुजून नाही, कारण सूर्योदय घड्याळात सांगता येतो आणि पहाट माणसागणिक बदलते. ‘पहाटेपर्यंत’ वाचून कुणी साडेपाचला दिवे मालवले, तर जानेवारीत तो सूर्योदयाच्या दीड तासाहून अधिक आधी अंधारात बिनदिव्याचा फिरेल. रत्नागिरीकडे जूनमध्ये सूर्योदय सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास होतो, जानेवारीच्या मध्याला सात-दहाच्या. फलकावर ‘सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत’ लिहा आणि खाली त्या महिन्याच्या वेळा खडूने लिहायला जागा सोडा.

पहाट मोजायचीच असेल तर इंग्रजीत तिचे तीन टप्पे केले आहेत आणि ते सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे यावर ठरतात. अठरा अंशांवर ‘अॅस्ट्रॉनॉमिकल डॉन’. आकाशातला काळोख अगदी किंचित विरळ होतो, साध्या डोळ्यांना फारसं जाणवत नाही. बारा अंशांवर ‘नॉटिकल डॉन’. हा खलाशांचा टप्पा, कारण इथून पुढे थोडा वेळ ठळक तारे आणि समुद्राची रेषा दोन्ही एकदम दिसतात आणि ताऱ्यांची उंची मोजून जहाजाची जागा काढता येते. सहा अंशांवर ‘सिव्हिल डॉन’. इथून पुढे बाहेरची कामं दिव्याशिवाय करता येतात. जाळ्याची गाठ दिसते.

आपल्या किनाऱ्यावर मार्च आणि सप्टेंबरच्या सुमारास हे टप्पे सूर्योदयाआधी अंदाजे बहात्तर, सत्तेचाळीस आणि बावीस मिनिटांवर येतात. जूनमध्ये प्रत्येकी दोन ते सात मिनिटं जास्त. लंडनमध्ये मार्चमध्येही शेवटचा टप्पा तेहतीसेक मिनिटांचा, आणि जूनमध्ये तर सूर्य रात्रभर अठरा अंशांखाली जातच नाही, त्यामुळे पुरता काळोख होत नाही. इंग्रजी कवितेतली पहाट रेंगाळते त्यात कवीचा दोष नाही, अक्षांशाचा आहे. आपल्याकडे सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, म्हणून झुंजुमुंजु म्हणेपर्यंत फटफटतं.

आपल्या शास्त्रकारांनी हे घटिकांत मोजलं. घटिका म्हणजे चोवीस मिनिटं. आदल्या सूर्योदयापासून पंचावन्न घटिका झाल्या की उषःकाल, सत्तावन्नला अरुणोदय, अठ्ठावन्नला प्रातःकाल आणि साठाव्याला सूर्योदय, असा एक श्लोक प्रसिद्ध आहे. दुसऱ्या मताने अरुणोदय सूर्योदयाआधी चार घटिका धरतात. पहिल्या हिशेबाने अरुणोदय सूर्योदयाआधी तीन घटिका, म्हणजे बहात्तर मिनिटं. वरचा अठरा अंशांचा आकडा पुन्हा पाहा.

‘थ्री इन द मॉर्निंग’ म्हणजे सकाळी तीन?
— वेंगुर्ले

नाही. इंग्रजीत मध्यरात्र उलटली की ‘मॉर्निंग’ लागते, ती दुपारपर्यंत. मराठीत तीनला सकाळ म्हणणारा भेटणार नाही. बारा ते तीन ‘रात्री’, तीन-चारपासून उजाडेपर्यंत ‘पहाटे’, त्यानंतर ‘सकाळी’ असं करा. बातमीत ‘सकाळी दोन वाजता अपघात’ असं छापून येतं ते याच आंधळ्या भाषांतरामुळे. तिकिटाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. ००.४०ची गाडी ‘उद्या रात्री’ची समजून लोक एक दिवस उशिरा फलाटावर येतात. तारीख बदलल्यावरची वेळ सांगताना ‘शनिवारची रात्र संपून रविवार लागल्यावर’ असं लांबलचक सांगितलेलं परवडतं. ‘स्मॉल अवर्स’ म्हणजेही लहान तास नव्हेत. एक, दोन, तीन हे आकडे लहान म्हणून ते नाव. आपली ‘उत्तररात्र’ तिथे चपखल बसते.

‘मॉर्निंग’ची घडण विचारणारंही एक पत्र आहे. मूळ शब्द ‘मॉर्न’, ‘ईव्हनिंग’च्या नमुन्यावर त्याला ‘इंग’ चिकटलं. संध्याकाळचं पाहून सकाळने शेपूट लावून घेतलं.

‘ट्वायलाइट’ पहाटेची की संध्याकाळची?
— देवगड

दोन्ही. ‘ट्वाय’ म्हणजे दोन, ‘ट्विन’मध्ये आहे तेच. आपल्या ‘संध्या’चंही असंच आहे. प्रातःसंध्या आणि सायंसंध्या दोन्ही असताना ‘संध्याकाळ’ मात्र दिवेलागणीची झाली. इंग्रजीतही ‘ट्वायलाइट’ नुसतं आलं की बहुतेक वेळा संध्याकाळ समजतात, पहाटेला ‘मॉर्निंग ट्वायलाइट’ असं सांगावं लागतं. भाषांतरात ‘संधिप्रकाश’ वापरा, पण मागच्यापुढच्या ओळींत कोंबडा आहे की वटवाघूळ हे आधी बघा.

सिनेमाच्या दुपारच्या खेळाला ‘मॅटिनी’ म्हणतात. त्याचा अर्थ सकाळ, असं कुणीतरी म्हणालं. खरं?
— अलिबाग

खरं. रोमन लोकांची पहाटेची आणखी एक देवता ‘मातूता’. तिच्यावरून लॅटिन ‘मातुतिनुस’, त्यातून फ्रेंच ‘मातँ’ म्हणजे सकाळ, आणि ‘मातिने’ म्हणजे सकाळचा सगळा वेळ. एकोणिसाव्या शतकातल्या बड्या घरांत मुख्य जेवण होईपर्यंत सकाळच मानत आणि ते जेवण संध्याकाळकडे सरकलं होतं. त्यामुळे दुपारचा खेळही ‘सकाळचा’ ठरला. आपल्याकडे तीन, सहा, नऊच्या आधी जो खेळ लागायचा त्याला हे नाव चिकटलं, आणि निदान बाराच्या जवळ असल्यामुळे ते मूळ अर्थाच्या थोडं जवळ आलं.

‘कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही’ हे इंग्रजीत कसं सांगावं? शब्दकोशात ‘कॉकक्रो’ सापडला, तो वापरावा का?
— सावंतवाडी

वापरू नका. ‘कॉकक्रो’ म्हणजे कोंबडा आरवण्याची वेळ, आणि जुन्या हिशेबात ती उजाडण्याच्या बरीच आधीची. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात संध्याकाळ, मध्यरात्र, कोंबडा आरवण्याची वेळ आणि सकाळ असे रात्रीचे चार वेगळे पहारे मोजले आहेत. कोंबड्याचा पहारा तिसरा, मध्यरात्रीनंतरचा. आपल्या म्हणीत तर आरवणं आणि उजाडणं यांचा संबंध नाही, हेच सांगायचं आहे. दोन्ही एकाच शब्दात कोंबले तर म्हणीचा जीवच जाईल.

कोंबड्यासाठी ‘रूस्टर’ घ्या, झाकण्यासाठी ‘कव्हर’, आणि उजाडण्यासाठी ‘द डे विल ब्रेक’. ‘सनराइज’ इथे नको, कारण उजाडतं ते सूर्य वर येण्याआधी. म्हणून वाक्य असं होईल: ‘कव्हर द रूस्टर इफ यू लाइक, द डे विल स्टिल ब्रेक.’ कोंबडं कशाखाली झाकलं हे इंग्रज वाचक विचारील, तेव्हा ‘अंडर अ बास्केट’ घालायला हरकत नाही. त्याच्याकडे डालगं नसतं.